देवगिरीचा पाडाव

वेरूळनजीकच्या एकाकी डोंगरावरील देवगिरी ही यादव नृपतींची राजधानी. तिचा उभा कडा पाहिला म्हणजे हा दुर्ग केवळ बळाने जिंकता येईल, असे आजही वाटत नाही. तथापि इ. स. १२९६ मध्ये तो थोड्याच दिवसांच्या वेढ्याने नमला.

रामचंद्रदेव त्या वेळी बेसावध होता. युवराज शंकरदेव मुख्य सैन्यासह दूर गेलेला. अशा समयी अलाउद्दीन खिलजी काही सहस्र घोडेस्वारांनिशी अकस्मात येऊन ठेपला आणि मागून दिल्लीचे मोठे सैन्य येत असल्याची हूल त्याने उठविली. शंकरदेव परतून लढला, पण पराभूत झाला. गडावर घाईने चढविलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे फिरिश्ता सांगतो. अन्नावाचून गड लढेल कसा? राजाने अपार खंडणी देऊन तह केला. पुढे १३१८ मध्ये हरपाळदेवाच्या वधाबरोबर यादवकुळाचे राज्य संपले.

संतांच्या भक्तिमार्गाने महाराष्ट्र दुबळा झाला, म्हणून देवगिरी पडली, असा आक्षेप कित्येकदा घेतला जातो. वरील वृत्तांत पाहता तो टिकत नाही. हेर निद्रिस्त, सैन्य दूर आणि कोठारे रिती. हे दोष राज्यकारभाराचे होत, नामस्मरणाचे नव्हेत. स्वधर्म टाकू नये, हेच तर ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशास सांगितले. त्याच ग्रंथात रामचंद्रदेवाच्या न्यायी राज्याचा गौरवाने उल्लेख आहे. देवगिरीस वेढा पडला त्याच वर्षी कार्तिकात आळंदीस माउली समाधिस्थ झाले.

या इतिहासाचा उत्तरार्ध भाविकांनी विशेष ध्यानी धरावा. सोळाव्या शतकात, परक्या सत्तेखालील याच गडावर, जनार्दनस्वामी अधिकारी होते. पैठणचा बालक एकनाथ त्यांच्या चरणांशी येथेच राहिला, हिशेब लिहू लागला आणि अनुग्रहास पात्र झाला. त्याच नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करून ती महाराष्ट्राच्या हाती पुन्हा दिली. ज्या राजाच्या काळी ग्रंथ जन्मला, त्याची राजधानी गेली. परंतु त्या ग्रंथाचा उद्धारक त्याच राजधानीच्या पडक्या वैभवात घडला.

गडाचे रक्षण कोठाराने होते आणि ज्ञानाचे गुरुपरंपरेने. दोन्हींची राखण जागेपणीच करावी लागते. मठाचा उत्सव साजरा करताना एवढे स्मरण पुरे आहे.