पैठण नावाची पिंगुळी

‘कळसूत्री बाहुली’ हा शब्द मराठीने आता जवळजवळ राजकारणालाच देऊन टाकला आहे. कुणाच्या तरी इशाऱ्यावर चालणारा मंत्री, नावापुरता उरलेला राजा, परक्या सत्तेने बसवलेले सरकार यांच्यासाठी तो वर्तमानपत्रांत हमखास येतो. बाहुलीची ही बदनामी तशी अलीकडची. ज्ञानदेवांनी आपल्या वाणीचे श्रेय गुरूला देताना स्वतःला सूत्रावर चालणाऱ्या साइखडेच्या बाहुलीची उपमा दिली आहे. तिथे दुसऱ्याच्या हाती असण्याची लाज नाही, कृतज्ञता आहे. आणि अशी उपमा ऐकणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही, तेव्हा त्याने तो खेळ पाहिलेला असतो. तेराव्या शतकातल्या महाराष्ट्रात दोरीवरची बाहुली लोकांच्या नजरेतली होती, याचा मला तरी हाच सर्वांत बोलका पुरावा वाटतो. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाची नोंद सापडते.

ग्रंथांतल्या या दोन नोंदी, बाहुली आणि चित्रकथा, एकाच घरात नांदताना पाहायच्या तर सिंधुदुर्गात जावे लागते. कुडाळ स्टेशनावरून पिंगुळीचे गुढीपूर जवळच आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला लागलो तर त्याने वाक्य पुरे होऊ दिले नाही. “ठाकरांगेर जावचा हा मगे? बसा.” सिंधुदुर्गातला ठाकर समाज तो हाच. सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या ठाकरांशी नावाचे साम्य असले तरी यांची ओळख खेळ करणाऱ्यांची. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, पांगुळ बैल अशा कितीतरी कला या एका समाजाने सांभाळल्या. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा त्यांना आश्रय होता. खेळासाठी देवळे आणि गावे ठरलेली असत, आणि त्या ठरलेल्या फेरीवर घर चाले. शिवाजी महाराजांनी त्यांना हेर म्हणून वापरले, असेही सांगतात. गावोगाव फिरणाऱ्या प्रत्येक कलावंत जमातीबद्दल अशी कथा असते, तेव्हा तिला दंतकथाच मानलेली बरी.

परशुराम गंगावणे यांनी 2006 साली आपल्या घरच्या गोठ्यात संग्रहालय मांडले. ठाकर आदिवासी कला आंगण हे त्याचे नाव. गंगावण्यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी या गोठ्याचे कौतुक केले ते ‘बघा, साध्या गोठ्यात!’ अशा सुरात. मला तो सूर पटत नाही. गोठा ही अडचण म्हणून पाहण्यापेक्षा जागेची निवड म्हणून पाहावी. इथे वस्तू आणि त्या वापरणारे हात एकाच छपराखाली आहेत. भिंतीवरची बाहुली खाली उतरते, खेळ करते आणि पुन्हा खुंटीवर जाते. संग्रहालय कुठे संपते आणि रंगमंच कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही, आणि विचारायची गरजही पडत नाही.

मी पाहिला तो खेळ छोटा, पाहुण्यांसाठीचा होता. देवळात रात्रभर चालणाऱ्या खेळाचा तो नमुना म्हणायचा. दशावताराप्रमाणे इथेही आधी गणपती येतो. कळसूत्री बाहुल्या लाकडी, रंगवलेल्या, वर कापडाचा घोळदार पेहराव, खाली पाय नाहीत. चालण्याचा सगळा भास बोटांत अडकवलेल्या दोऱ्यांतून येतो. चालवणाऱ्याचा हात किंचित हेलकावला की राजा रुबाबात येतो, तोच हात थरथरला की राक्षसीण. चामड्याच्या बाहुल्यांना दोरी लागत नाही. पांढऱ्या पडद्यामागे दिवा, मध्ये बाहुली, आणि आपल्यापर्यंत पोचते ती तिची रंगीत सावली. आंध्रात माणसाच्या उंचीच्या छायाबाहुल्या असतात. त्यांच्यापुढे या लहानशा, पण डोळे तसेच टपोरे आणि चेहरा तसाच बाजूने रेखलेला.

मला जास्त वेळ थांबवले ते चित्रकथीने. ही चित्रे कागदावर नैसर्गिक रंगांत काढलेली. एका आख्यानाची चित्रे क्रमाने एकत्र ठेवली की ती ‘पोथी’. नाव पोथीचे असले तरी वाचायला त्यात अक्षर नाही, मजकूर गाणाऱ्याच्या पाठात असतो. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीवर कथेकरी एक चित्र उभे धरतो, गातो, मध्येच गद्यात बोलतो, पात्राकडे बोट दाखवतो आणि पुढचा प्रसंग आला की पान फिरवतो. हे ‘फिरवणे’ महत्त्वाचे आहे. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे कागद ताठ राहतो आणि एका पानावर दोन प्रसंग मावतात. विषय रामायण-महाभारताचे, पण वाल्मीकी-व्यासांच्या शिस्तीतले नव्हेत. महिरावण, बब्रुवाहन अशा लोकांना रंगवून ऐकायला आवडणाऱ्या कथा इथे मोठ्या होतात.

आता नावाचा प्रश्न. ही चित्रे कलेच्या इतिहासात बराच काळ ‘पैठण शैली’ म्हणून ओळखली गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला चित्रकथीचा संग्रह अभ्यासकांना परिचित आहे. काही चित्रे पैठणच्या बाजूला मिळाली आणि मिळाल्याचे ठिकाण हेच शैलीचे नाव झाले. 1978 साली ‘आर्टिबस एशिए’ या नियतकालिकात ईव्हा रे यांनी या चित्रांवर लेख लिहिला तेव्हा शीर्षकात पैठण होते. 1980 साली अॅना डालापिकोला यांच्या जर्मन ग्रंथाच्या नावातही पैठणच. 1984 साली त्याच ‘आर्टिबस एशिए’त व्हॅलेंटिना श्टाखे-रोझेन यांचा लेख आला, त्याच्या शीर्षकात मात्र पिंगुळी आहे. त्या लेखाचा विषयही लक्षात घ्यावा: चित्रांतले कथाकथन. ज्या वर्णनात गाणारा आला, त्यात गावही आले.

पैठण हे नाव निव्वळ चूक होती असे मी म्हणणार नाही. देशावरही चित्रकथी नावाची भटकी जात होती. एन्थोव्हेन यांनी मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींच्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. हे लोक पोथ्या घेऊन हिंडत, त्यांच्यातली काही चित्रे पैठणला मिळाली तर नवल नाही. मोडले ते दुसरेच. पैठण म्हटले की सातवाहन, एकनाथ, पैठणी, असा वैभवाचा पट डोळ्यांपुढे येतो आणि चित्राला आपोआप एक भारदस्त कूळ मिळते. पिंगुळी म्हटले की कुळाऐवजी एक जमात पुढे येते, आणि तिच्याशी व्यवहार करावा लागतो. चित्राचे नाव वस्तू सापडलेल्या जागेवरून ठेवायचे की ती वापरणाऱ्यांवरून, हा म्हणून केवळ सूचिकाराचा प्रश्न राहत नाही.

आपण नाटकाच्या इतिहासातही असेच केले आहे. 1843 साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, आणि 5 नोव्हेंबर हा आपला रंगभूमी दिन झाला. त्याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, हे कितीजणांना ठाऊक असते? रामदास पाध्ये यांनी त्या बाहुल्या डागडुजी करून पुन्हा खेळत्या केल्या. मराठी नाटकाच्या जनकाच्या हातची बाहुली आपल्या नाट्येतिहासात तळटीप होऊन बसते, मग ठाकरांच्या बाहुलीला जागा कोण देणार? ‘सूत्रधार’ हा शब्द बाहुल्यांच्या दोरीतून नाटकात आला असे रिशार्ड पिशेल या जर्मन पंडिताचे मत होते. ते सर्वमान्य नाही, कारण सूत्र म्हणजे मोजणीची दोरीही. पण वाद तरी झाला, एवढे बाहुलीच्या वाट्याला आले.

पिंगुळीच्या खेळाचे धागे दक्षिणेकडे किती लांब जातात, हे तर आपल्याकडे क्वचितच बोलले जाते. कर्नाटकातले किळ्ळेक्यात, तसेच आंध्र आणि तमिळनाडूतले पुष्कळसे छायाबाहुलीवाले, खेळ करतात कन्नड, तेलुगू किंवा तमिळमध्ये, आणि घरात बोलतात मराठीची एक बोली. तंजावरला भोसल्यांचे राज्य सुमारे पावणेदोनशे वर्षे होते. त्या ओघात हे लोक दक्षिणेत गेले असे काहीजण मानतात, तर काहींच्या मते हा प्रवास त्याहून जुना आहे. शैलीचे साम्यही उघड आहे: तेच बाजूने काढलेले चेहरे, तेच मोठे डोळे, ती भरघोस आभूषणे. पिंगुळीच्या कागदावरचा वीर आणि आंध्रच्या चामड्यावरचा वीर शेजारी ठेवले तर भावंडे वाटतात. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर एवढी मोठी मराठी बोलणारी कलावंत बिरादरी आहे, आणि आपले भाषेचे सोहळे तिच्याशिवाय पार पडतात.

दक्षिणेतल्या या कलावंतांत जीर्ण झालेली बाहुली नदीत सोडण्याची रीत आहे. जिने देव म्हणून खेळ केला, तिला कचऱ्यात टाकता येत नाही. संग्रहालय नेमके याच्या उलट वागते. जे सोडून द्यायचे ते ते धरून ठेवते. दोन्हींत आदर आहे, पण संग्राहकाच्या आदरात एक अडचण आहे, आणि ती चित्रकथीत सर्वांत ठळक दिसते. पोथी फुटून सुटी पाने विकली गेली. कुणी एक पान चौकटीत बसवून भिंतीवर लावले. आता त्यातला महिरावण आपल्याकडे पाहतो आहे, आणि त्याच्या पाठीला चिकटलेला प्रसंग भिंतीकडे तोंड करून आहे. पानाचा क्रम गेला, पुढचे चित्र दुसऱ्या शहरात, त्यापुढचे कदाचित दुसऱ्या देशात. गाणाऱ्याला पाठ असलेल्या ओळीला आता समोर चित्र नाही, आणि चित्राला ओळ नाही.

हे काम अजून होण्यासारखे आहे. निरनिराळ्या संग्रहांतल्या पानांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, ती पिंगुळीला न्यावीत, आणि आख्यान पाठ असलेल्यांसमोर पसरून कोणते पान कोणत्या पानानंतर येते ते विचारावे. क्रम लावताना ते बहुधा बोलणार नाहीत, गातील. म्हणून सोबत ध्वनिमुद्रणाचे यंत्र असावे, आणि चालू असावे.