आसभार-मर्यादेचा इतिहास : नाशिकच्या महामार्गांच्या संदर्भात

मालवाहू वाहनाच्या वजनाचा विचार सामान्यतः एकूण टनांत केला जातो. रस्त्याला मात्र जाणवतो तो प्रत्येक आसावरून चाकांवाटे उतरणारा भार. आस म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणारा दांडा. वाहतूकदारांच्या बोलीत ॲक्सल. मुंबई-आग्रा व पुणे-नाशिक हे मार्ग ज्या शहरात मिळतात, त्या नाशिकच्या दृष्टीने हा भेद केवळ तांत्रिक नाही.

हा प्रश्न मोटारीपूर्वीचा आहे. बैलगाडीच्या अरुंद लोखंडी धावेखाली खडीचे रस्ते कापले जात. १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे गेल्यावर दूरचा अवजड माल रुळांवर गेला आणि रस्त्यांची चिंता काही काळ मागे पडली. मोटारींनी ती पुन्हा पुढे आणली. १९२७ मध्ये मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने रस्तेविकास हा प्रांतांच्या कुवतीबाहेरचा विषय असल्याचे सांगून इंधनावरील करातून निधी उभारण्याची शिफारस केली. १९२९ मध्ये तसा निधी अस्तित्वात आला. जो रस्ता वापरील त्याने खर्च द्यावा, हे तत्त्व न्याय्यच होते. परंतु त्यात एक उणीव राहिली, ती कशी हे पुढे अमेरिकेतील प्रयोगाने दाखविले.

१९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यातील ओटावा येथे मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वाहने सतत फिरवून झिजेची मोजणी झाली. आसभार वाढला की झीज साधारणतः त्याच्या चतुर्थ घाताने वाढते, म्हणजे भार दुप्पट तर झीज सोळापट, असा निष्कर्ष निघाला. इंधनाचा खप काही चतुर्थ घाताने वाढत नाही. याच अभ्यासपरंपरेतील १८,००० पौंडांचा, म्हणजे ८.१६ टनांचा, प्रमाण-आस भारतीय रस्तेरचनेतही स्वीकारला गेला.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात वजनमर्यादेच्या तरतुदी होत्याच. १९८८ च्या कायद्याने त्यांना नवे रूप दिले. १९९६ च्या अधिसूचनेनुसार चार टायरांच्या एका आसाला १०.२ टन आणि दोन टायरांच्या पुढील आसाला ६ टन मर्यादा होती. म्हणून दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टन. येथेच खरी मेख आहे. पुढील आसावर ५ व मागील आसावर ११.२ टन आले, तरी एकूण वजन नियमात बसते. मागील आसामुळे होणारी झीज मात्र सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. पिंपळगाव बसवंत वा लासलगावच्या भुईकाट्यावर गाडी एकदम तोलली जाते, कारण तेथे प्रश्न मालाच्या किमतीचा असतो. गोण्यांची थप्पी मागे झुकली की पुढे, हे काटा सांगत नाही. ते हमालाच्या व चालकाच्या अनुभवावर राहते.

जुलै २०१८ मध्ये चार टायरांच्या आसाची मर्यादा ११.५ टन झाली. वाढ १.३ टनांची, म्हणजे पन्नास किलोच्या कांद्याच्या २६ गोण्यांची. भारातील वाढ १२.७ टक्के, चतुर्थ घाताच्या हिशेबाने झिजेतील वाढ सुमारे ६२ टक्के. एका फेरीत अधिक माल नेता आल्याने वाहतूकदाराचा खर्च घटतो, आणि हा लाभ शेतकऱ्यापर्यंत थोडाफार पोहोचतही असेल. झिजेचे देयक मात्र सार्वजनिक तिजोरीवर पडते.

मर्यादेबाहेरील भाराची कथा निराळी. काही राज्यांनी ठरावीक रक्कम घेऊन जादा भार चालू देण्याची ‘गोल्ड कार्ड’ पद्धत सुरू केली होती. ९ नोव्हेंबर २००५ रोजी परमजित भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरविली : दंड भरून जादा भार पुढे नेता येणार नाही, तो उतरवावाच लागेल. २०१९ च्या दुरुस्तीने दंड २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये झाला. दंड टनाच्या सरळ प्रमाणात वाढतो, झीज मात्र तशी वाढत नाही, ही विसंगती तरीही उरलीच.

दंडाच्या कक्षेत जादा भार लादून गाडी चालवू देणारा मालकही येतो. पण कलम ११४ प्रमाणे जादा माल उतरविण्याचा आदेश चालकाला दिला जातो, तोही त्याच्या स्वतःच्या जोखमीवर, आणि वजन घटेपर्यंत गाडी हलविता येत नाही. कसारा घाटाच्या तोंडाशी कांद्याच्या गोण्या रस्त्याकडेला उतरवून उभा राहणारा हा माणूस बहुधा त्या गाडीचा मालकही नसतो आणि त्या मालाचाही नसतो.