टी. टी. कृष्णम्माचारी : मद्रासच्या पेढीतून वाणिज्य मंत्रालयात

तिरुवल्लूर थट्टई कृष्णम्माचारी यांचा जन्म 26 नोव्हेंबर 1899 रोजी झाला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते व्यापारात शिरले आणि 1928 मध्ये मद्रासला त्यांनी स्वतःची पेढी काढली. परदेशी कंपन्यांचा तयार माल मागवायचा आणि दक्षिणेतल्या दुकानांपर्यंत पोचवायचा, हे तिचे काम. लीव्हर कंपनीचा साबण त्यांनी असाच विकला. कोणता माल कुठे खपतो आणि दुकानदार किती उधारी मागतो, याचे हे ज्ञान फायलींतून मिळणारे नव्हते.

1937 मध्ये ते मद्रास विधानसभेत अपक्ष म्हणून निवडून आले, पुढे काँग्रेसमध्ये गेले. धंदा मुलांकडे आला. महाराष्ट्रात त्यांचे नाव आजही घेतले जाते ते संविधान सभेतल्या एका भाषणामुळे. मसुदा समितीतल्या सात जणांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणाचे निधन झाले, कोणी परदेशात होते, कोणी दिल्लीपासून दूर. त्यामुळे घटना लिहिण्याचा भार अखेर डॉ. आंबेडकरांवरच पडला, असे त्यांनी नोव्हेंबर 1948 मध्ये सभागृहात स्पष्ट सांगितले. पुढे ते स्वतःही त्या समितीचे सदस्य झाले.

मे 1952 मध्ये नेहरूंनी त्यांना वाणिज्य व उद्योग खाते दिले. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत भरीव काळ हाच म्हणावा लागेल. आल्याआल्याच हातमागाचे संकट पुढे उभे राहिले. मद्रास राज्यातल्या विणकरांकडे कापड पडून होते आणि धोतरे व साड्या हातमागासाठी राखून ठेवा, अशी मद्रासचे मुख्यमंत्री राजाजी यांची मागणी होती. साड्यांबाबत ती मान्य झाली नाही, पण 1952 अखेर गिरण्यांच्या धोतर उत्पादनावर पूर्वीच्या सरासरीच्या 60 टक्के अशी मर्यादा आली. गिरणीच्या कापडावर वारामागे 3 पै जादा कर बसला आणि तो पैसा खादी व हातमागाच्या विकासासाठी ठेवला गेला. कापड गिरण्यांच्या मुंबईला याची झळ बसणे अटळ होते. आयुष्य खासगी व्यापारात गेलेल्या माणसाने बाजारात इतका थेट हात घालावा, हे लक्षणीय आहे.

मे 1956 मध्ये राज्य व्यापार महामंडळ स्थापन झाले. सोव्हिएत रशिया आणि पूर्व युरोपातल्या देशांत परदेशी व्यापार सरकारच्याच हातात असे. त्यांच्याशी सौदा करायला भारताकडेही सरकारी संस्था हवी होती. सिमेंटची आयातही लवकरच या महामंडळाकडे आली. दरम्यान 1955 पासून पोलाद खातेही कृष्णम्माचारींकडेच होते. भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूरच्या कारखान्यांची पायाभरणी त्याच सुमाराची.

मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून चिंतामणराव देशमुख यांनी जुलै 1956 मध्ये अर्थमंत्रिपद सोडले. त्या जागी ऑगस्टअखेर कृष्णम्माचारी आले. देशमुखांनी राष्ट्रीयीकरण केलेल्या आयुर्विमा व्यवसायाचे महामंडळ लगेच, 1 सप्टेंबरला, सुरू झाले आणि तेच कृष्णम्माचारींच्या मुळावर आले. 1957 मध्ये महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. फिरोज गांधी यांनी लोकसभेत प्रकरण बाहेर काढले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली आणि आपल्या खात्याच्या सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, असा निष्कर्ष दिला. फेब्रुवारी 1958 मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

1963 मध्ये ते पुन्हा अर्थमंत्री झाले. त्यांच्याच काळात, 1964 साली, युनिट ट्रस्ट आणि औद्योगिक विकास बँक या दोन्ही संस्था मुंबईत उभ्या राहिल्या. ट्रस्टच्या दहा रुपये दर्शनी किमतीच्या ‘युनिट 64’ योजनेने पगारदार कुटुंबांना शेअर बाजाराची पहिली ओळख करून दिली. 1965 मध्ये मात्र मुलांच्या व्यवसायावरून आरोप झाले. पंतप्रधान शास्त्री यांनी निःसंदिग्ध पाठिंबा न देता ते तपासण्याची भूमिका घेतली, तेव्हा वर्षाच्या शेवटच्या दिवशी कृष्णम्माचारी बाहेर पडले. त्यानंतर ते मंत्रिमंडळात परतले नाहीत. 7 मार्च 1974 रोजी त्यांचे निधन झाले.