यानाचे सोवळे

दुबईच्या मोहम्मद बिन राशिद अंतराळ केंद्रात राशिद नावाचा चारचाकी रोव्हर तयार झाला. वजन जेमतेम दहा किलो, नाव दुबईचे माजी शासक शेख राशिद बिन सईद अल मक्तूम यांचे, आणि काम चंद्रावर फिरण्याचे. अशी याने जिथे जोडली जातात त्या स्वच्छ खोलीतल्या तंत्रज्ञांची छायाचित्रे पाहिली की मराठी माणसाला हटकून सोवळे आठवते. नखशिखांत पांढरा वेष, झाकलेले केस, हातमोजे, बाहेरच्याला मज्जाव. साम्य खरे आहे, पण फरक मोठा आहे. इथली शुद्धता मोजता येते: हवेच्या ठरावीक घनफळात अर्ध्या मायक्रॉनएवढे किंवा त्याहून मोठे धूलिकण किती, यावर खोलीचा दर्जा ठरतो. या चित्रांमुळे मात्र एक गैरसमज पसरला आहे. यान स्वच्छ ठेवले, डब्यात बंद केले आणि अग्निबाणावर चढवले की उड्डाणाची तयारी झाली, असे आपण धरून चालतो. या सोवळ्याचे कूळ तपासले तर तयारीचा गाभा वेगळाच निघतो. जिथे उतरायचे तिथली जमीन, हवा, थंडी-ऊन आणि धूळ जे प्रश्न विचारणार, ते आधी पृथ्वीवर स्वतःला विचारणे, म्हणजे तयारी. स्वच्छता हे त्यांपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर आहे.

या सोवळ्याला दोन घराणी आहेत. पहिले शस्त्रास्त्रांचे. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत अण्वस्त्रांचे बारीक भाग धुळीने बिघडत, म्हणून विलिस व्हिटफील्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९६०च्या सुमारास गाळलेली हवा छतातून जमिनीकडे संथ, अखंड वाहत ठेवणारी खोली आखली. पडलेली धूळ पुसत बसण्यापेक्षा ती टिकूच द्यायची नाही, ही त्याची कल्पना. दुसरे घराणे जीवशास्त्राचे. स्पुटनिक उपग्रहानंतर जीवशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी इशारा दिला की आपले जंतू दुसऱ्या ग्रहावर पोचले, तर तिथे मूळची जीवसृष्टी होती का, हे कधीच कळणार नाही. त्या भीतीतून यान भाजून काढण्याची पद्धत आली. १९६२ची रेंजर ३, ४ आणि ५ ही याने चंद्रावर भूकंपमापक असलेला, बाल्सा लाकडाने वेढलेला गोळा टाकणार होती. म्हणून त्यांना लँडरचे पूर्वज म्हणायला हरकत नाही. त्यांचे भाग १२५ अंश सेल्सियसवर चोवीस तास तापवले गेले. तिन्ही मोहिमा फसल्या, आणि त्या उष्णतेनेच नाजूक इलेक्ट्रॉनिक्स दुबळे झाले असावे, असा संशय बळावला. पुढच्या रेंजर यानांसाठी तापवणे सोडून देण्यात आले. मंगळासाठी मात्र ते सोडले नाही. १९७५ मध्ये व्हायकिंगचे दोन्ही लँडर बंद कवचात ठेवून सुमारे ११२ अंशांवर तीस तासांहून अधिक काळ भाजले गेले, कारण ते जीवसृष्टीच शोधायला निघाले होते. तेव्हा प्रत्येक भाग ती उष्णता सोसेल असा पहिल्यापासून घडवला होता. एकाच उपायाने चंद्रमोहिमेवर संशयाची छाया टाकली आणि मंगळमोहिमेला विश्वासार्हता दिली. ठिकाण बदलले की तयारी बदलते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

चंद्र निर्जीव असल्याने राशिदला भाजण्याची गरज नव्हती. त्याच्यासाठी खरा प्रश्न धुळीचा होता. वाळवंटी देशाला धुळीचे काय नवल, असे कोणी म्हणेल. पण वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून गोल झालेली असते; चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे तिथले कण काचेच्या चुऱ्यासारखे धारदार राहतात आणि विद्युतभारामुळे चिकटून बसतात. दुबईच्या वाळूत चाके फिरवून रुतण्याचा अंदाज येतो, चिकटण्याचा येत नाही. म्हणून राशिदच्या चाकांवर निरनिराळ्या पदार्थांचे नमुने बसवले होते: कशाला धूळ कमी चिकटते, हे चंद्रालाच विचारायचे. पृथ्वीवर जो प्रश्न पुरता उभा करता येत नाही तो प्रयोग म्हणून सोबत नेणे, हे मला तयारीतले सर्वांत प्रामाणिक पाऊल वाटते.

राशिद जपानच्या आयस्पेस कंपनीच्या हाकुतो-आर लँडरमध्ये बसून ११ डिसेंबर २०२२ रोजी केप कॅनाव्हरलहून फाल्कन ९ने निघाला. २५ एप्रिल २०२३ रोजी अमिरातीतल्या रात्री पावणेनऊच्या सुमारास लँडर ॲटलस विवरात उतरणार होता. विवराच्या कडेवरून जाताना खालची जमीन एकदम सुमारे तीन किलोमीटर खोल गेली. उंचीमापकाने ते बरोबर टिपले, पण संगणकाने तो आकडा अशक्य ठरवून बाजूला सारला. आपण जमिनीवर पोचलो असे लँडर मानत होता, तेव्हा तो सुमारे पाच किलोमीटर वर होता. इंधन संपले आणि तो कोसळला. उतरण्याची जागा फेब्रुवारी २०२१ मधल्या निर्णायक आराखडा-तपासणीनंतर बदलली होती, आणि उतरण्याच्या संगणकीय तालमींत नव्या जागेचा भूगोल पुरेसा घेतला गेला नाही, हे कंपनीने महिन्याभरात जाहीर केले. सोवळे पाळले गेले होते. यंत्रेही चालत होती. फक्त ॲटलसच्या कड्याचा प्रश्न पृथ्वीवर कोणी नीट विचारला नव्हता.

यावर आक्षेप येतो की लँडर जपानी, राशिद केवळ प्रवासी. मग दोष अमिरातीच्या तयारीचा कसा? दोष त्यांचा नाहीच. पण उतारू कितीही सज्ज असला तरी होडी खडकावर आपटली तर तोही बुडतो, त्यामुळे रोव्हरची तयारी लँडरच्या तयारीपासून वेगळी मोजता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: त्याच कंपनीचा रेझिलियन्स हा पुढचा लँडरही ५ जून २०२५ रोजी आदळला, मग चुकीची कबुली देऊन उपयोग काय झाला? मात्र त्या वेळी आधीची चूक पुन्हा झाली नाही. लेझरने अंतर मोजणाऱ्या उपकरणाने वेळेत आकडे दिले नाहीत, त्यामुळे वेग पुरेसा कमी झाला नाही. जुना प्रश्न सुटला होता, नवा उभा राहिला. रेंजरपासून ही विद्या अशीच एकेका प्रश्नाने वाढत आली आहे, आणि ज्यांनी चूक लपवली नाही त्यांच्यामुळेच वाढली आहे.

राशिद २ साठी अमिरातीने फायरफ्लाय कंपनीचा ब्लू घोस्ट लँडर निवडला आहे. त्याच मालिकेतले पहिले यान २ मार्च २०२५ रोजी चंद्राच्या दर्शनी बाजूवर नीट उतरले. या खेपेला जायचे आहे पलीकडच्या बाजूला, जिथून पृथ्वी दिसत नाही आणि थेट रेडिओसंपर्क होत नाही. पहिल्या उतरण्याचे यश जमेस धरून चालणार नाही. तालमी पलीकडच्या बाजूची जमीन धरून, पहिल्यापासून, नव्याने व्हायला हव्यात.