चॉकलेट, मुरूम आणि पासष्ट माणसे

दहावीच्या वर्गात शरीरातील बदलांविषयी बोलणे निघाले की कोणीतरी हमखास विचारते, "चॉकलेटने मुरूम येतात का हो?" या साध्या प्रश्नाने वैद्यकाला बरेच फिरवले आहे.

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'मुखदूषिका' येतात. तरुणांच्या चेहऱ्यावरील या पुटकुळ्यांना तेथे काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. (सावरीचे कोवळे खोड ज्याने पाहिले आहे त्याला ती लगेच पटेल.) निरीक्षण अचूक होते, कारण मात्र कफ, वात आणि रक्त यांच्या दोषात शोधले गेले. पुढे १८९६-९७ च्या सुमारास उन्ना आणि साबुरो यांना मुरमांत जिवाणू आढळले. पण तेच जिवाणू नितळ चेहऱ्यावरही सुखाने नांदतात! तारुण्याचा दुवा सापडला १९४१ मध्ये. वृषणांचे कार्य होत नसलेल्या पुरुषांना मुरूम येत नाहीत, पण टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक दिल्यावर येऊ शकतात, असे अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवले.

म्हणजे घडते असे: या संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त तेल स्रवतात, रोमरंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचे बूच बसते, आत जिवाणू वाढतात आणि दाह होतो. बुचाचा काळा रंग हा मळ नव्हे. त्यामुळे चेहरा खसाखसा घासून काहीच साधत नाही, उलट दाह वाढतो.

आता चॉकलेट. १९६९ मध्ये फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन यांनी ६५ जणांना चार आठवडे रोज चॉकलेटची वडी दिली आणि तुलनेसाठी चार आठवडे बिनचॉकलेटची. फरक दिसला नाही. 'आहाराचा संबंध नाही' हे वाक्य मग कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिले. पण तुलनेच्या वडीतही साखर आणि स्निग्ध पदार्थ जवळजवळ तितकेच होते! दोष साखरेचा असता तर तो या प्रयोगात दिसलाच नसता. नियंत्रित प्रयोग शिकवताना याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ४३ तरुणांवरील प्रयोगात, रक्तातील साखर झपाट्याने न वाढवणाऱ्या आहाराने बारा आठवड्यांत मुरूम कमी झाल्याचे आढळले. प्रयोग लहान होता, पण प्रश्न पुन्हा उघडला.

त्या ६५ जणांपैकी ३५ तुरुंगातील कैदी होते, हेही सांगायला हवे. क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९७४ पर्यंत कैद्यांवर प्रयोग केले. त्याबद्दल शहराने २०२२ मध्ये माफी मागितली. मुरमांवरचे आजचे एक उत्तम औषध, ट्रेटिनॉइन, त्यांच्याच नावावर आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत.

ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापॅलिन ही मलमे बूच सैल करतात, बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते. तीव्र मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या (अमेरिकेत १९८२ पासून) गुणकारी, पण गर्भाला घातक. त्या त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. मलमांचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. मुले दुसऱ्याच आठवड्यात कंटाळतात आणि मैत्रिणीने सुचवलेली गोरेपणाची क्रीम लावतात. तिच्यात बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असेल, तर ते स्टेरॉइड आहे. चार दिवस चेहरा उजळतो आणि मग मुरूम पहिल्यापेक्षा जास्त उठतात. भारतात २०१८ पासून अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती मिळतात. वर्गात एखादी रिकामी नळी आणून तिच्यावरची बारीक अक्षरे मुलांकडूनच वाचून घ्यावीत.