महाधमनीच्या मुळाशी

परळच्या केईएममध्ये मी पॅथॉलॉजी शिकले, तेव्हा शवविच्छेदनात हृदय तपासण्याची रीत पक्की होती. महाधमनी उभी उघडायची, झडपेच्या लगेच वर असलेली, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांची दोन तोंडं बघायची, त्यांत बारीक सळई घालून पाहायची. मगच करोनरी दोन-तीन मिलिमीटरवर आडव्या कापत जायचं. ही पहिली पायरी टाळली, तर एक अख्खा आजार नजरेतून निसटायचा. पंचविशीतल्या मुलीच्या करोनरी पुढे स्वच्छ, चरबीचा मागमूस नाही. तोंड मात्र असं आवळलेलं की सळई आत शिरत नाही. सूज महाधमनीच्या भिंतीची. भिंत जाड होत जाते आणि तिच्यातून फुटणाऱ्या फांद्यांची तोंडं बुजतात. अशा मुलीची छातीतली कळ जिवंतपणी अनेकदा ‘टेन्शन’ म्हणून उडवून लावलेली असे. मला त्याचा आजही संताप येतो.

आमच्या आधीच्या पिढीला बुजलेली तोंडं माहीत होती ती उपदंशामुळे. संसर्गानंतर कित्येक वर्षांनी महाधमनी सुजायची, आतून झाडाच्या सालीसारखी सुरकुतायची. पेनिसिलिन आल्यावर ते प्रमाण घटलं. तरुण मुलींमधली सूज मात्र वेगळी होती.

तिचा माग लागला तो डोळ्यांतून. १९०८ साली फुकुओकात भरलेल्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेत कानाझावाच्या मिकितो ताकायासूंनी एका तरुणीच्या दृष्टिपटलावरचं रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं वर्णन केलं. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या नेत्रतज्ज्ञांनी आपापल्या तशाच रुग्णांविषयी सांगितलं, आणि मनगटाला नाडी लागत नसल्याचंही. मला हे दोघे फार मोठे वाटतात. डोळ्याच्या डॉक्टरांनी रुग्णाचा हात हातात घेतला, म्हणून डोळ्याचा आजार धमन्यांचा ठरला.

मुंबईत ताकायासूंच्या या आजारावरचं काम केईएमनंच पुढे नेलं. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचं नाव निघालं की लोकांना १९६८चं, भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण आठवतं. पण सेन, किनरे, केळकर आणि परुळकर यांनी या आजाराच्या १०१ रुग्णांच्या अभ्यासावर लिहिलेलं, १९७३ साली प्रसिद्ध झालेलं पुस्तक मला त्याहून मोलाचं वाटतं. जपानी रुग्णांत मुख्यतः हातांकडे आणि डोक्याकडे जाणाऱ्या धमन्या बुजत. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या जास्त, त्यामुळे कोवळ्या वयात रक्तदाब भडकलेला. किनरे यांचं क्षेत्र पॅथॉलॉजी. लहान वयातली ही सूज आणि क्षय यांच्या संबंधावर त्यांनी १९७० साली लिहिलं. तो संबंध अजून सिद्ध झालेला नाही, पण प्रश्न इथल्या शवविच्छेदनाच्या टेबलावरूनही उठला होता.

आता शवविच्छेदनं फार कमी होतात. स्कॅनमध्ये भिंतीची जाडी जिवंतपणी दिसते, हे चांगलंच. तरी शल्यचिकित्सकाला आजही जुनं ज्ञान लागतं. बायपाससाठी एरवी छातीच्या आतली धमनी पहिली पसंती असते; ती निघते हाताकडे जाणाऱ्या धमनीतून, आणि या आजारात तीच अनेकदा बुजलेली असते. म्हणून आधी दोन्ही हातांची नाडी आणि रक्तदाब बघायचा, धमन्यांची चित्रं काढायची. त्या धमनीचं मूळ आजारी असेल, तर पायातली शीर वापरायची. सूज पेटलेली असेल, तर शक्यतो थांबायचं आणि आधी स्टेरॉइडनं ती शमवायची.