झाशीचा ०५१० आणि राउटरमधली भिंत

झाशी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. नेवाळकरांच्या काळापासून तेथे मराठी घराणी नांदत आली. दूरध्वनीच्या नकाशावर मात्र हे शहर चार अंकांनी ओळखले जाते: ०५१०. इंटरनेटवरून बोलणे शक्य झाल्यावर या चार अंकांचे काय करायचे, हा प्रश्न जगात अभियंत्यांपुढे उभा राहिला. भारतात तो कायद्यापुढेही उभा राहिला.

एकेकाळी परगावी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग अशा चढत्या दरांवर प्रतीक्षा कमी होई. नोव्हेंबर १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि ऑपरेटरशिवाय परगावचा क्रमांक फिरवता येऊ लागला. तरी अंतर वाढेल तसा दर वाढे. म्हणूनच रात्रीच्या सवलतीसाठी एसटीडी बूथपुढे रांगा लागत.

इंटरनेटने अंतराचा हा हिशेबच मोडला. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहायचा, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट होतात. त्यांचे २० मिलिसेकंदांचे तुकडे केले की सेकंदाला ५० पाकिटे तयार होतात. पाकीट शेजारच्या गल्लीत जावो की शेकडो किलोमीटर दूर, डेटाच्या जोडणीचे भाडे तेच. उरते ते एकच काम: ही पाकिटे आणि नेहमीचे दूरध्वनी जाळे यांची गाठ घालणे. ते काम करणारा राउटर म्हणजे व्हॉइस गेटवे. त्याच्या एका बाजूला एक्सचेंजची तार असते, दुसऱ्या बाजूला डेटाचे जाळे.

समजा, एखाद्या संस्थेची पुण्यात व झाशीत कार्यालये आहेत आणि दोन्हीकडचे राउटर भाड्याच्या डेटा-लाइनने जोडलेले आहेत. राउटरमध्ये ‘डायल-पीअर’ नावाचे नियम लिहितात; कोणता क्रमांक कोणत्या वाटेने जायचा, हे ते ठरवतात. पुण्याच्या राउटरला सांगायचे की ०५१० ने सुरू होणारे कॉल डेटा-लाइनवरून झाशीला पाठव. झाशीच्या राउटरला सांगायचे की ०५१० आणि पुढे कोणतेही सात अंक आले तर कॉल तारेवर सोड. सिस्कोच्या राउटरची रीत अशी की तारेकडे जाताना नियमात नेमके लिहिलेले अंक, वेगळे सांगितले नसेल तर, आपोआप गळून पडतात. ०५१० गळतात आणि उरलेले सात अंक झाशीच्या एक्सचेंजकडे जातात. एक्सचेंजच्या लेखी तो स्थानिक कॉल! एसटीडीचा दर पूर्ण टळतो. यालाच ‘टोल-बायपास’ म्हणतात.

भारतात हे निषिद्ध होते. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने इंटरनेट दूरध्वनीला त्या टप्प्यावर परवानगी नाकारली. १ एप्रिल २००२ पासून संगणकावरून संगणकाशी आणि संगणकावरून परदेशातील फोनशी बोलण्याची मुभा मिळाली. देशातल्या देशात संगणकावरून साध्या फोनवर बोलण्याची नाही. या मनाईला आधार होता. दूरच्या कॉलच्या उत्पन्नातून स्थानिक व ग्रामीण फोनचा तोटा भरून निघत असे. शिवाय कॉल कोठून आला, हे तपास यंत्रणांना कळणे आवश्यक होते.

परिणामी अभियंत्यांना उलटे काम करावे लागले. जे यंत्र दोन जाळी जोडण्यासाठी बनले, त्यातच भिंत बांधायची. सिस्कोच्या कॉल-नियंत्रण प्रणालीत ७.१ या आवृत्तीपासून ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ ही सोय आली. भारतीय नियमांचे पालन हा तिचा एक उघड हेतू होता. प्रत्येक फोनला व गेटवेला स्थान नेमून द्यायचे. पुण्याच्या कर्मचाऱ्याने झाशीच्या सहकाऱ्याशी डेटा-लाइनवरून बोलावे, हे चालेल. त्याच लाइनवरून झाशीच्या गेटवेतून बाहेर पडून शहरातील ग्राहकाला गाठणे चालणार नाही. तारा जोडलेल्या, वाट खुली, तरी प्रणाली कॉल तोडते.

दरम्यान भिंतीचा आर्थिक पाया ढासळत गेला. १ मार्च २००६ पासून ‘वनइंडिया’ योजनेत देशभर एक रुपया मिनिट हा दर आला. स्थानिक सेवेचा तोटा भरण्यासाठी २००३ मध्ये लावलेला अधिभार २००८ मध्ये संपला. अंतराला किंमत उरली नाही, तरी राउटरमधल्या ओळी तशाच राहिल्या. जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून साध्या फोनपर्यंत कॉल पोहोचवण्याची मोकळीक दिली. त्यानंतरच्या महिन्यात बीएसएनएलने ‘विंग्ज’ सेवा आणली. जून २०२१ मध्ये कॉल सेंटरांवरील बंधनेही पुष्कळ सैल झाली.

भिंत पूर्ण पडलेली नाही. परदेशी कॉल इंटरनेटवरून आणून स्थानिक क्रमांकाच्या वेषात सोडणारी अवैध एक्सचेंजेस आजही पकडली जातात, कारण अशा कॉलचा खरा उगम लपतो. दराचा प्रश्न मिटला, ओळखीचा उरला. झाशीतल्या घरी फोन वाजला की पडद्यावरच्या क्रमांकावर विश्वास ठेवता यावा, एवढ्यासाठी तरी ०५१० मागचा पत्ता खरा असावा लागतो.